दिल्लीच्या विमानतळावर

दिल्लीतील जुने रहिवासी इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळाला आजही ‘पालम’ म्हणतात. पालम हे शहराच्या नैर्ऋत्येकडील जुने गाव होय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे हवाई दलाचा तळ होता. नागरी विमाने त्या वेळी सफदरजंग येथे उतरत असत. ती जागा अपुरी पडू लागल्यावर १९६२ साली नागरी वाहतूक पालमला आली. १९८६ मध्ये नवी इमारत उभी राहिली, तेव्हा विमानतळाला इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले. आज येथे चार धावपट्ट्या आहेत. २०२४ या एका वर्षात साडेसात कोटींहून अधिक प्रवाशांनी येथून ये-जा केली.

एवढ्या मोठ्या ठिकाणी प्रथमच जाणारा माणूस बावरून जातो. वस्तुतः विमानतळावरील प्रत्येक खिडकीला प्रवाशाकडून एखादीच गोष्ट जाणून घ्यायची असते. कोठे काय विचारतील हे आधी ठाऊक असले, तर निम्मी भीती घरीच राहते.

पहिला प्रश्न इमारतीचा, म्हणजे टर्मिनलचा. परदेशी जाणारी विमाने टर्मिनल ३ मधून सुटतात. हे टर्मिनल २०१० साली सुरू झाले. टर्मिनल २ त्याच्या शेजारीच आहे. मात्र देशांतर्गत प्रवासाचे टर्मिनल १ बरेच दूर आहे. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाजवळून निघणारी विमानतळ एक्सप्रेस मेट्रो सुमारे वीस मिनिटांत टर्मिनल ३ ला पोहोचवते. टर्मिनल १ चे मेट्रो स्थानक वेगळ्या मार्गावर आहे. तिकिटावरील आकडा न पाहता घाईने निघण्याची चूक प्रस्तुत लेखकाने एकदा केलेली आहे, आणि तिची किंमत टॅक्सीच्या भाड्यात मोजलेली आहे.

परदेशी प्रवासासाठी किमान तीन तास आधी पोहोचावे. प्रवेशद्वारावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतात. दोन्हींवरील नाव तंतोतंत जुळले पाहिजे. आत गेल्यावर विमान कंपनीच्या खिडकीवर मोठे सामान द्यायचे आणि बोर्डिंग पास घ्यायचा. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोबाइल चार्ज करण्याची पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवू नये, जवळच्या पिशवीत ठेवावी. अशा बॅटरीने पेट घेतला, तर तो प्रवाशांच्या कक्षात लगेच दिसतो. सामानाच्या कप्प्यात दिसत नाही. याउलट पाणी, तेल, लोणच्याची बरणी असे शंभर मिलिलिटरपेक्षा मोठे द्रवाचे भांडे हातातील पिशवीत चालत नाही. वृद्ध वा आजारी व्यक्तीसाठी चाकाची खुर्ची हवी असल्यास ती तिकीट काढतानाच मागून ठेवावी.

यानंतर येते ती इमिग्रेशनची खिडकी, आणि कामासाठी परदेशी निघालेल्या अनेकांची खरी परीक्षा येथेच होते. पूर्वी येथे एक अर्ज भरावा लागे. लिहिता न येणारे लोक रांगेत शेजाऱ्याकडे पेन आणि पासपोर्ट दोन्ही पुढे करीत. १ जुलै २०१७ पासून भारतीय नागरिकांना तो अर्ज भरावा लागत नाही. पण अधिकारी पासपोर्टमधील एक शेरा मात्र आवर्जून पाहतो. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सामान्यतः ‘ईसीआर’ ही अक्षरे असतात. त्यांचा अर्थ असा की, या व्यक्तीला ठरावीक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारची उत्प्रवास परवानगी घेतली पाहिजे. सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, संयुक्त अरब अमिरात, मलेशिया अशा अठरा देशांचा या यादीत समावेश आहे.

ही तरतूद १९८३ च्या उत्प्रवास कायद्यातील आहे. कमी शिकलेल्या कामगाराला करारातील मजकूर वाचता येत नाही, दलाल त्याला फसवतात, आणि परक्या देशात त्याचे ऐकणारे कोणी नसते, हा त्यामागील विचार आहे. परवानगी देणारा अधिकारी नोकरीचा करार, पगार आणि भरती करणारा एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे तपासतो. विमाही उतरवला जातो. काही दलाल ही तपासणी चुकवण्यासाठी कामगाराला पर्यटक म्हणून पाठवतात. अशा माणसाला इमिग्रेशनच्या खिडकीवरून परत पाठवले जाऊ शकते. जमीन गहाण टाकून जमवलेले पैसे दलालाच्या हाती गेलेले असतात आणि विमान डोळ्यांदेखत निघून जाते. तो कसाबसा पोहोचला, तरी तेथे कामगार म्हणून त्याची नोंद नसते. मालकाने पगार बुडवल्यास तक्रार करणेही अवघड होते.

दहावीच्या प्रमाणपत्राने फसवणूक टळतेच असे नाही. दलाल गुणपत्रिका पाहून माणूस निवडत नाहीत. तरीही दहावी उत्तीर्ण झाल्यावर हा शेरा नसलेला पासपोर्ट मिळू शकतो. मुक्त विद्यालयाची माध्यमिक परीक्षाही दहावीच्या बरोबरीची आहे, हे या पुस्तकाच्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे.

पुढे सुरक्षा तपासणी होते. ती आटोपली, की बोर्डिंग पासवरील दाराचा क्रमांक पाहून चालू लागावे. टर्मिनल ३ इतके लांब आहे की, शेवटच्या दारापर्यंत पोहोचायला चांगलाच वेळ लागतो. मध्ये सरकते पट्टे आहेत, आणि लक्ष वेधून घेणारी दुकानेही आहेत. विमान सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी दार बंद होते. डिसेंबर-जानेवारीत दाट धुक्यामुळे उड्डाणे लांबतात. तेव्हा फलकावरची वेळ पुन्हा पुन्हा पाहावी.

परतीच्या वेळी याच टर्मिनलमध्ये इमिग्रेशनच्या खिडक्यांवर नृत्यातील हस्तमुद्रांची प्रचंड शिल्पे दिसतात. मागे तांब्याच्या गोल चकत्यांनी भरलेली भिंत आहे. खाली रांगेत दोन-तीन वर्षांनी घरी निघालेले कामगार उभे असतात. सामान मिळाले, की सीमाशुल्काचे दोन मार्ग लागतात. जाहीर करण्याजोगे काही नसेल तर हिरवा, असेल तर लाल. दारापलीकडे कठड्याला टेकून घरची माणसे वाट पाहत असतात.