‘संशयकल्लोळ’ : फ्रेंच प्रहसनाचे मराठी संगीत रूप

एकोणिसाव्या शतकातील फ्रान्समध्ये ‘ऑपेरा कोमिक’ या नावाने रूढ असलेल्या नाट्यप्रकारात गद्य संवाद आणि गायन आलटून-पालटून येत असे. आद्यंत गायल्या जाणाऱ्या ऑपेराहून त्याचे वेगळेपण यातच होते. विनोद अनिवार्य नव्हता. बिझेचे शोकान्त ‘कार्मेन’ (१८७५) याच प्रकारातले. मोलिएरच्या एका प्रहसनाला गूनोने १८५८ मध्ये याच प्रकारात संगीतबद्ध केले. मराठी रंगभूमीवरही मोलिएर गाण्यासह अवतरला. मात्र थेट पॅरिसहून नव्हे, तर लंडनमार्गे.

मोलिएरच्या ‘स्गानारेल’ (१६६०) या प्रहसनाचे कथासूत्र आर्थर मर्फीने ‘ऑल इन द राँग’ (१७६१) या इंग्रजी नाटकासाठी घेतले. त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ (१८९३) हे गद्य नाटक रचले. पदांची भर पडून त्याचे ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले व देवलांचे निधन झाले त्याच वर्षी, १९१६ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. मूर्च्छित तरुणीला सावरणारा नवरा, ते पाहणारी बायको आणि तरुणीच्या हातून पडलेली प्रियकराची तसबीर ही मोलिएरची गुंफण अडीचशे वर्षांनंतरही शाबूत राहिली.

म्हणून ‘रूपांतरित’ एवढ्या एका शब्दात या नाटकाची बोळवण करणे मात्र योग्य नाही. मोलिएरची सेली ही सुखवस्तू घरातील कन्या. तिची अडचण वडिलांनी ठरविलेल्या दुसऱ्या वराची. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे. त्यामुळे अश्विनशेठचा संशय तसबिरीपाशी न थांबता तिच्या कुळाकडे वळतो. प्रहसनातला गैरसमज येथे सामाजिक कलंकाला स्पर्श करतो. ‘मृच्छकटिका’तील वसंतसेना आधीच मराठीत आणणाऱ्या देवलांना हे क्षेत्र नवखे नव्हते. शिवाय गायन हा रेवतीच्या जगण्याचाच भाग असल्याने तिचे गाणे उपरे वाटत नाही. अनेक संगीत नाटकांविषयी असे म्हणता येत नाही.

पदांचा मोठा वाटा अश्विनशेठ व रेवती यांच्याकडे आहे. गणपतराव बोडसांनी गाजविलेला फाल्गुनराव मात्र मुख्यतः गद्यावर उभा आहे. त्याचा संशय क्षणात पुराव्यावर झडप घालतो, म्हणून हास्यास्पद ठरतो; प्रेमिकांचा संशय सुरांत रेंगाळतो, म्हणून व्यथा होतो. १८९३ च्या गद्य संहितेत हा भेद घडविणारे साधनच नव्हते.

कासारवाडीसारख्या औद्योगिक परिसरातील पदवी वर्गात संगीत नाटकाची ओळख बहुधा छापील पुस्तकातूनच होते. पदे वाचली जातात किंवा सरळ ओलांडली जातात आणि उरतो तो तसबिरीचा घोटाळा. हे नाटक शिकविताना अश्विनशेठ-रेवतीच्या एखाद्या प्रवेशाचे ध्वनिमुद्रण ऐकवून लगेच फाल्गुनराव-कृत्तिकेचा प्रवेश मोठ्याने वाचून घेतला, तर दोन संशयांतील अंतर विद्यार्थ्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.