उद्याच्या स्त्रीचा वेष

नाटकात, चित्रपटात किंवा दूरचित्रवाणीच्या मालिकेत पात्र बोलू लागण्यापूर्वी त्याचा वेष बोलू लागतो. ऐतिहासिक पात्राचा वेष कसा असावा, हे बखरी, चित्रे आणि शिल्पे यांवरून पडताळून पाहता येते. सामाजिक नाटकातील वेष तर प्रेक्षक आपल्या घरात आणि रस्त्यावर रोजच पाहत असतो. तो चुकला तर पहिल्या रांगेतील मूलदेखील हसते. परंतु ज्या कथा शे-दोनशे वर्षांनंतरच्या काळात, अंतराळयानात किंवा परग्रहावर घडतात, त्या विज्ञानकथांना हे दोन्ही आधार नसतात. तेथील स्त्रीने काय परिधान करावे, हे ठरविणारा मनुष्य इतिहासापासूनही मोकळा असतो आणि रूढीपासूनही. म्हणूनच त्याने ठरविलेला वेष भविष्यकाळाविषयी फारसे काही सांगत नाही. ठरविणाऱ्याच्या मनाविषयी मात्र पुष्कळ सांगून जातो.

अशा मालिकांतील स्त्रियांच्या उत्तान वेषाविषयी गेल्या साठ वर्षांत बराच वाद झाला आहे. एका पक्षाला त्यात नीतीचा ऱ्हास दिसतो, तर दुसऱ्याला आक्षेप घेणारे लोक सोवळे वाटतात. दोघांचीही मोजपट्टी मात्र एकच असते. अंगावर कापड किती, एवढेच ती मोजते. ही मोजपट्टी किती अपुरी आहे, हे समजून घेण्यासाठी फार दूर जावयास नको. जबलपूरच्या परिसरातच त्याचे दोन उत्तम दाखले आहेत.

जबलपुरापासून सुमारे वीस किलोमीटरांवर, नर्मदेच्या काठी भेडाघाट आहे. तेथील संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधबा पाहावयास येणाऱ्यांपैकी काहीजण जवळच्या टेकडीच्या पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या मंदिरात जातात. त्रिपुरीच्या कलचुरी राजवटीत, दहाव्या शतकात उभारलेल्या या मंदिराचे प्रांगण वर्तुळाकार असून त्याला छत नाही. सभोवारच्या ओवरीत, नाव चौसष्टांचे असले तरी, ८१ कोनाडे आहेत. त्यांतील योगिनींच्या मूर्ती आज बहुतेक भंगलेल्या आहेत; तरीही त्यांचा दरारा ओसरलेला नाही. त्यांचे वक्ष अनावृत आहेत, अंगावर वस्त्रापेक्षा अलंकारच अधिक आहेत, काहींची मुखे पशूंची आहेत. कापडाची मोजपट्टी लावली, तर कोणत्याही मालिकेतील नायिकेहून या योगिनी अधिक उघड्या ठरतील. परंतु त्या कोणाच्या नेत्रसुखासाठी मांडलेल्या नाहीत. बहुतेकींच्या आसनावर त्यांचे स्वतंत्र नाव कोरलेले आहे. प्रत्येकीला तिचे सामर्थ्य आणि तिचा अधिकार आहे. त्यांच्यासमोर उभा राहणारा मनुष्य पाहणारा न राहता पाहिला जाणारा होतो. येथील अनावृत देहावर त्या देवतेचीच सत्ता आहे.

दुसरा दाखला याच्या अगदी उलट आहे. गढा-मंडल्याची राणी दुर्गावती २४ जून १५६४ रोजी जबलपूरजवळच्या नर्रई नाल्यापाशी मोगल सेनेशी लढताना धारातीर्थी पडली. तिची हकीकत लिहिली ती शत्रुपक्षाच्या इतिहासकाराने, अकबराच्या दरबारातील अबुल फजलने. त्याच्या वर्णनातील राणी अंगावर चिलखत आणि मस्तकावर शिरस्त्राण घालून हत्तीवर आरूढ होते. ज्या कार्यासाठी ती निघाली होती, त्या कार्याला साजेल असाच हा वेष आहे. शत्रूच्या लेखणीलाही तिला दुसऱ्या कोणत्या वेषात दाखविण्याचा मोह झाला नाही.

योगिनी अनावृत आहेत, राणी आपादमस्तक झाकलेली आहे. आणि तरीही दोघींचे चित्रण सारखेच स्वाभिमानी आहे. तेव्हा प्रश्न कापडाचा नाही. खरे प्रश्न दोन आहेत. वेष त्या स्त्रीच्या कार्याशी जुळतो का, हा पहिला. तिच्या शेजारी तेच कार्य करणाऱ्या पुरुषालाही तोच न्याय लावला आहे का, हा दुसरा.

मराठी प्रेक्षकांना या वादाची ओळख चित्रपटाने फार पूर्वीच करून दिली होती. १९३८ साली हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ हा बोलपट पडद्यावर आला. कथा आचार्य अत्रे यांची, दिग्दर्शन मास्टर विनायक यांचे. त्यात मीनाक्षी शिरोडकर यांनी पोहण्याच्या आधुनिक पोशाखात जलक्रीडेचे गीत गाइले आणि महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. पहिल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात वावगे काही नव्हते. पाण्यात उतरावयाचे तर पोहण्याचा पोशाख हवाच. कथेचा रोखही ब्रह्मचर्याच्या शपथेचे अवडंबर माजविणाऱ्या तरुणावर होता, नायिकेवर नव्हता. तरीपण प्रेक्षागृहात येणाऱ्या सर्वांचे लक्ष त्या उपहासाकडेच होते, असे म्हणणे धाडसाचे होईल. लेखकाचा हेतू आणि पाहणाऱ्याची नजर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका प्रसंगाने दाखवून दिले.

आता ज्या मालिकेमुळे विज्ञानकथेतील स्त्रीवेषाचा वाद जगभर गेला, तिच्याकडे वळावे. १९६६ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ सुरू झाली. तिच्या तीन वर्षे आधी, १६ जून १९६३ रोजी, सोविएत रशियाची व्हॅलेंतिना तेरेश्कोवा ही पहिली स्त्री प्रत्यक्ष अंतराळात गेली होती. तिचा पोशाख तिच्या आधी गेलेल्या पुरुष अंतराळवीरांसारखाच, सर्वांग झाकणारा आणि हवेचा दाब सांभाळणारा होता. निर्वात पोकळी स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. म्हणून पोशाखानेही तो केला नाही. मालिकेच्या अंतराळयानात मात्र पुरुष अधिकारी विजारीत आणि स्त्री अधिकारी मांड्या उघड्या टाकणाऱ्या आखूड झग्यात वावरू लागल्या. विशेष असे की, या मालिकेचा जो पहिला नमुना-भाग तयार झाला होता, त्यात यानाची उपप्रमुख एक स्त्री होती आणि तिचा गणवेष पुरुषांसारखाच विजारीचा होता. प्रक्षेपण कंपनीने तो भाग नाकारला. नंतरच्या मालिकेत स्त्रीचे ते अधिकारपद राहिले नाही आणि ती विजारही राहिली नाही.

तथापि येथे न्यायबुद्धी सोडून चालणार नाही. १९६० नंतरच्या त्या दशकात लंडनच्या मेरी क्वांट यांच्या दुकानातून आखूड झग्याची लाट निघाली, तेव्हा तरुण स्त्रियांनी तो वेष आपल्या स्वातंत्र्याची खूण म्हणून उचलला होता. मालिकेतील अभिनेत्री ग्रेस ली व्हिटनी यांनी आखूड झग्याची सूचना आपलीच होती असे पुढे सांगितले, आणि त्यांच्या सहकारी निशेल निकोल्स यांनीही त्या वेषाला आपली हरकत नव्हती असे म्हटले आहे. तेव्हा सारा दोष पुरुषांच्या लोलुपतेवर टाकणे सोपे असले, तरी ते सत्याला धरून होणार नाही. दुसरा प्रश्न मात्र तरीही उरतो. आखूड वस्त्र हीच जर मुक्तीची खूण, तर त्याच यानातील पुरुषांना ती मुक्ती का मिळाली नाही? कथा तेविसाव्या शतकातील. पण स्त्रीच्या अंगावरील झगा १९६६ सालचा आणि त्यामागील दृष्टी त्याहून जुनी होती.

असे असूनही याच निशेल निकोल्स यांच्या भूमिकेने एक वेगळाच इतिहास घडविला. त्या कृष्णवर्णीय होत्या, आणि मालिकेत संदेशवहन अधिकारी म्हणून यानाच्या नियंत्रण कक्षात बसत. पहिल्या वर्षानंतर त्या मालिका सोडून रंगभूमीकडे परतणार होत्या. परंतु मार्टिन ल्यूथर किंग यांनी त्यांना थांबण्याचा आग्रह केला. कृष्णवर्णीय स्त्री मोलकरणीच्या भूमिकेत न दिसता अधिकाऱ्याच्या आसनावर दिसते, हे त्यांना मोलाचे वाटत होते. पुढे १९७७ साली अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने अंतराळवीरांच्या भरतीसाठी स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना आवाहन करण्याचे काम निकोल्स यांच्याकडे सोपविले. १९७८ साली निवडलेल्या ३५ जणांत ६ स्त्रिया होत्या. त्यांतील सॅली राइड १९८३ मध्ये अंतराळात गेल्या. १९९२ मध्ये गेलेल्या मे जेमिसन यांनी तर निकोल्स यांच्या त्या भूमिकेचे ऋण उघडपणे मान्य केले. बालपणी त्या मुलीने झग्याची लांबी मोजली नाही. आपल्यासारखी एक स्त्री कोठे बसली आहे, हे तिने पाहिले. वेषाहून कार्य मोठे असते, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

परंतु कार्य आणि वेष यांची ओढाताण होऊ लागली, तर कार्याला झळ लागल्याशिवाय राहत नाही. १९८७ साली याच मालिकेची पुढची पिढी पडद्यावर आली. तिच्यातील मानसोपचाराच्या सल्लागार अधिकाऱ्याची भूमिका मरीना सर्टिस यांची होती. इतर सारे गणवेषात असताना ही एकटी कित्येक वर्षे खोल गळ्याच्या घट्ट पोशाखात वावरत होती. १९९२ मधील एका भागात नव्याने आलेला कप्तान तिला नेहमीचा गणवेष घालण्याची आज्ञा करतो. तो गणवेष अंगावर येताच लेखक आपल्या पात्राला अधिक बुद्धिमान समजू लागले, असे सर्टिस यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. यात हसण्यासारखे जितके आहे, तितकेच विचार करण्यासारखेही आहे. वेषाचा परिणाम प्रेक्षकांवर तर होतोच. पण जे त्या पात्राच्या तोंडी शब्द घालतात, त्यांच्यावरही तो होतो.

याच मालिकासमूहात १९९५ साली यानाची प्रमुख म्हणून एक स्त्री आली आणि तिचा गणवेष पुरुषांसारखाच होता. पण दोनच वर्षांनी त्याच यानावर जेरी रायन यांची भूमिका आली, ती गळ्यापासून पायापर्यंत अंगाला चिकटून बसणाऱ्या पोशाखात. देह सारा झाकलेला, आणि तरी सारा मांडलेला! दुसऱ्याच्या मदतीशिवाय तो पोशाख चढविता-उतरविता येत नसे. हे पात्र बुद्धीने यानावरील बहुतेकांहून वरचढ होते. पुढे २०२० साली तीच अभिनेत्री तीच भूमिका घेऊन साध्या कपड्यांत पुन्हा आली, आणि पात्राचे महत्त्व तिळभरही उणे झाले नाही. तो घट्ट पोशाख कथेला कधीच आवश्यक नव्हता, हे यावरून आपोआप सिद्ध झाले.

मूळ मालिका १९८० नंतरच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही दाखविली गेली, आणि पुढे ‘स्पेस सिटी सिग्मा’, ‘कॅप्टन व्योम’ अशा देशी मालिका आल्या. परंतु भारतीय स्त्री आणि अंतराळ यांचे सर्वांत गाजलेले चित्र कोणत्याही मालिकेतील नाही. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचले, तेव्हा बंगळूरच्या ‘इस्रो’ केंद्रात रेशमी साड्या नेसलेल्या, केसांत फुले माळलेल्या स्त्रिया आनंद व्यक्त करीत असल्याचे छायाचित्र जगभर गेले. पाहणाऱ्यांनी त्या शास्त्रज्ञच आहेत असे गृहीत धरले. त्या स्त्रिया प्रशासकीय कर्मचारी आहेत, असा खुलासा संस्थेने नंतर केला. त्याचबरोबर मोहिमेत अनेक स्त्री-शास्त्रज्ञ होत्या, हेही सांगितले. रितू करिधाल आणि नंदिनी हरिनाथ ही त्यांतील दोन नावे. साडीतील स्त्री शास्त्रज्ञ असणार नाही, असे मानणे जितके चुकीचे, तितकेच एका छायाचित्रातील वेषावरून कार्य ओळखू पाहणेही चुकीचे.

वेष हा केवळ शोभेचा विषय नाही, हे २०१९ साली आणखी एका घटनेने स्पष्ट केले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात दोन स्त्री अंतराळवीरांनी मिळून यानाबाहेर पडून काम करावयाचे, असे ठरले होते. परंतु दोघींनाही लागणाऱ्या मध्यम मापाचा अंतराळपोशाख एकच सज्ज होता. म्हणून त्यांपैकी एकीची जागा पुरुषाला द्यावी लागली. केवळ स्त्रियांनी केलेली अशी पहिली कामगिरी १८ ऑक्टोबर २०१९ रोजी क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मिअर यांनी पार पाडली. दूरचित्रवाणीच्या कल्पनाविश्वात स्त्रीच्या मापाचे पोशाख नको तितके घट्ट शिवले गेले, आणि प्रत्यक्ष अंतराळात मात्र तिच्या मापाचा दुसरा पोशाख वेळेवर सज्ज नव्हता!

ज्या मुली आज या मालिका पाहतात, त्यांच्यातील काही जणी उद्या प्रयोगशाळेत, विमानात किंवा यानात जातील. त्यांच्यासाठी वेष योजणाऱ्याने त्यांना झाकावे की उघडे ठेवावे, याची चिंता करण्याचे कारण नाही. या स्त्रीला काय काम करावयाचे आहे, एवढे त्याने आधी विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर कथेत असेल, तर वेष आपोआप सापडतो. आणि उत्तरच नसेल, तर उणीव कापडात नसून कथेत आहे, असे समजावे.