काटकसर करा, पण आनंद मारू नका



काटकसरीवरचा लेख दिसला की तुम्ही पान उलटता, हे मला ठाऊक आहे. त्यात तुमचा दोष नाही. काटकसरीचा उपदेश करणारा बहुधा दोन जातींचा असतो. एकतर त्याचे स्वतःचे पोट भरलेले असते, नाहीतर त्याने जन्मात कधी हौस केलेली नसते आणि दुसऱ्याने केलेली त्याला बघवत नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोराने सिनेमा बघू नये, पोरीने नवी ओढणी घेऊ नये, मित्रांसोबत टपरीवर चहा पिऊ नये, असे सांगायला काय लागते? पण हा उपदेश माणसाच्या स्वभावाला धरून नाही आणि तथागतांच्या धम्मालाही धरून नाही.

प. पू. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रकाशित झाला. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तो आहे. पंचशील आणि दीक्षेची पाने वाचून झाली की आपण तो कपड्यात गुंडाळून ठेवतो, ही गोष्ट वेगळी. त्यात अनाथपिंडिकाला केलेला उपदेश अवश्य काढून वाचा. सावत्थीचा हा मोठा व्यापारी संसारी माणसाचे सुख कशात आहे म्हणून विचारतो. तथागत त्याला चार सुखे सांगतात. पालीत त्यांची नावे अत्थिसुख, भोगसुख, अनणसुख आणि अनवज्जसुख अशी आहेत. प्रामाणिक कष्टाने मिळवलेले आपल्यापाशी आहे, हे पहिले सुख. त्याचा उपभोग घेणे, त्यातून सत्कर्म करणे, हे दुसरे. कोणाचे थोडेही देणे नाही, हे तिसरे आणि वागणुकीत दोष नाही, हे चौथे. लक्षात घ्या, उपभोगाला तथागतांनी पाप म्हटले नाही, सुख म्हटले. आणि त्याच्या लगेच शेजारी कर्ज नसण्याचे सुख बसवले. माझे आजचे सगळे सांगणे या दोन सुखांपुरते आहे. आपल्या पोरांना पहिले पाहिजे असते म्हणून ते दुसरे गमावून बसतात आणि मग पहिलेही हातातून जाते.

बल्लारपूर हे कामगारांचे गाव. पेपर मिल, वेकोलिच्या खदानी आणि रेल्वे यांवर इथल्या दोन-तीन पिढ्यांचे संसार उभे राहिले. ज्यांचे बाप-आजे कायम नोकरीत होते त्यांना निदान महिन्याची तारीख ठाऊक होती. आजच्या मुलाच्या वाट्याला बहुधा ठेकेदारी येते. काम आहे तर आहे, नाही तर पुढच्या महिन्यात नाही. अशा मुलाने कर्ज डोक्यावर घेणे आणि कायम नोकरीवाल्याने घेणे यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हप्ता काही ठेकेदाराला विचारून येत नाही.

पोटासाठी मी हिशेबाचे काम करतो, म्हणून एक हिशेब मांडतो. समजा तुम्ही २४,००० रुपयांचा मोबाईल बारा हप्त्यांत घेतला आणि दुकानदार म्हणाला, 'व्याज फक्त बारा टक्के.' बारा टक्क्यांनी वर्षाचे व्याज २,८८० रुपये झाले. एकूण २६,८८० आणि महिन्याचा हप्ता २,२४०. ऐकायला बरे वाटते. पण दर महिन्याला तुम्ही २,००० रुपये मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण २४,००० वरच मोजले जाते. बाराव्या महिन्यात तुमच्याकडे मुद्दल उरते अवघे २,००० आणि त्यावर व्याज देता २४० रुपये. म्हणजे त्या महिन्याचे शेकडा बारा! सगळा मेळ घातला तर खरा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. वरून कागदपत्रांचा खर्च वेगळा. 'शून्य टक्के' म्हणून जे मिळते त्यातही हा खर्च किंवा वाढीव किंमत कुठेतरी दडलेली आहे का, ते बघा. दुकानात एकच प्रश्न विचारायचा, 'रोख दिले तर किती आणि हप्त्याने सगळे मिळून किती?' दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या. आणि तोच २,२४० चा हप्ता अकरा महिने स्वतःच्या खात्यात टाकला तर २४,६४० रुपये होतात. मोबाईल महिनाभर आधीच रोखीने येतो आणि वर चहापाण्यापुरते उरतात.

मोबाईलचे एकवेळ सोडा. वस्तीतल्या सावकाराचे दर महिन्याचे शेकडा दहा म्हणजे वर्षाचे एकशे वीस टक्के होतात, हे किती जणांनी कधी कागदावर मांडून पाहिले आहे? वाढदिवसाचा मोठा केक, फलक, लग्नाच्या वरातीतला डीजे, यासाठी असले पैसे उचलले जातात. रात्र सरते आणि वर्षभर आई धुणीभांडी करून ते फेडते. मला स्पष्ट बोलू द्या. पोराच्या हौसेचा हप्ता पुष्कळदा पोरगा भरतच नाही. त्याची आई भरते, बहीण भरते. बहिणीची टायपिंगची फी लांबते, कोर्स पुढच्या वर्षावर जातो. घरात काटकसर आहे असे आपण म्हणतो तेव्हा ती नेमकी कोण करत आहे, हे एकदा डोळे उघडून बघावे.

आता बाबासाहेबांकडे येऊ. त्यांच्या गरिबीच्या गोष्टी आपण जयंतीला रडवेल्या आवाजात सांगतो. त्यांच्या हिशेबीपणाच्या सांगत नाही. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा बडोदा सरकारची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड होती. त्यातून राहणे, जेवणे आणि घरी पैसे पाठवणे. वय बावीस. आपल्या ठेक्यावरच्या पोराएवढेच! चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे की, सुरुवातीचे काही दिवस त्यांचेही मित्रांच्या संगतीत मौजमजेत गेले. मग त्यांनी स्वतःच स्वतःला आवरले. पण हौस त्यांनी मारली नाही, तिची दिशा बदलली. जेवणाखाण्यात वाचवलेल्या पैशातून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडायचे आणि ग्रंथ घ्यायचे. अशी सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी तिथे जमवली. १९१७ साली परत येताना सामानाचे जहाज महायुद्धात बुडाले आणि त्यातली पुष्कळशी गेली, हे दुःख निराळे. ज्याला पुस्तकांचे वेड आहे त्याच्यासाठी जुन्या बाजारातली ती भटकंती म्हणजे मौजच नव्हे काय?

पुढे १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. त्या काळी ही मोठी रक्कम. माणूस बंगल्यात राहायला गेला असता. हे परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले आणि माता रमाईंनी तोच जुना संसार चालवला. अर्धवट राहिलेले लंडनचे शिक्षण पूर्ण करायचे होते. ती शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांनी दिलेले १,५०० रुपये आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपये कर्ज, एवढ्यावर १९२० च्या जुलैमध्ये ते बोटीत बसले. म्हणजे कर्ज त्यांनीही घेतले. पण कशासाठी घेतले आणि कोणाकडून घेतले ते पाहा. बियाण्यासाठी काढलेले कर्ज आणि वरातीसाठी काढलेले कर्ज एका वहीत लिहायचे नसते.

लंडनला खानावळीच्या घरमालकिणीचा तुटपुंजा नाश्ता, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय आणि रात्री भूक लागली की मुंबईहून आलेले पापड. त्या पापडांवर बसून १९२३ साली डॉक्टरेट मिळाली ती कशावर? रुपयाच्या प्रश्नावर! वाणिज्य शाखेच्या पोरांनी निदान त्या प्रबंधाचे नाव तरी पाठ ठेवावे. आणि हाच माणूस पुढे उत्तम फाउंटन पेनांचा शौकीन होता, त्याला कुत्री पाळण्याची, बागेची आवड होती, उतारवयात तो व्हायोलिन शिकत होता. उपाशी राहणे हा त्यांचा आदर्श नव्हता. काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे शेजाऱ्याने ठरवायचे नाही, एवढेच.

सिगालोवाद सुत्तात संपत्ती गळून जाण्याच्या सहा वाटा सांगितल्या आहेत. नशापाणी, अवेळी रस्त्यावर हिंडणे, खेळतमाशांचा नाद, जुगार, वाईट संगत आणि आळस. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती, ती २०२१ साली उठली. बंदी असताना चोरून महाग मिळायची, आता दुकानात मिळते. खिसा दोन्ही वेळा आपलाच रिकामा झाला. मोबाईलवरच्या पैशाच्या खेळांविरुद्ध २०२५ साली केंद्र सरकारने कायदा केला, पण कायद्याला वाट काढणारेही आहेत, म्हणून सावध असा. यावर अधिक लिहीत नाही, तुम्हाला कळते.

कोणी विचारेल, खेळतमाशेही त्या सहांत आहेत, मग मौज करायची कशी? नाद वेगळा आणि विरंगुळा वेगळा. कारण त्याच सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगाला, दोन कामधंद्यात घालायला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून. मजुरी करणाऱ्याला निम्मी मिळकत धंद्यात घालता येणार नाही, हे उघड आहे. आपण तो तसाच्या तसा न घेता त्याचा सांगाडा घेऊ. समजा हातात १२,००० येतात. घरी आईच्या हातात ६,०००. जाणे-येणे, रिचार्ज वगैरेला १,५००. शिल्लक १,५००. स्वतःच्या शिकण्याला १,५००. त्यात वाहन परवाना आला, आयटीआयची फी आली, स्पर्धा परीक्षेचे अर्ज आले. आपल्याला हाच धंदा. विहाराला, समाजाच्या कामाला ५००. आणि १,००० रुपये निव्वळ मौजेचे. त्याचा हिशेब कोणी विचारायचा नाही, आईनेसुद्धा नाही! पण संपले की संपले. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत महिन्याला १०० रुपयांपासूनही खाते उघडते, पाच वर्षांचे असते. शिल्लक पगाराच्या दिवशीच बाजूला टाका. महिनाअखेरीस काही उरेल आणि मग टाकू, असे म्हणणाऱ्याचे मी तरी कधी उरलेले पाहिले नाही.

हजार रुपयांत मौज होते का? आपल्या भागात होते. आपण आपला परिसरच बघितलेला नसतो. बल्लारपूरच्या पोरांनी वर्धेच्या काठचा गोंडराजाचा किल्ला नीट पाहिला आहे का? सकाळी सायकली काढा, किल्ला बघा, नदीवर बसा. खर्च फार तर चहाचा. बल्लारशा स्थानकाच्या भिंतींवर जंगल आणि वाघांची चित्रे रंगवलेली आहेत. बाहेरगावचे लोक फोटो काढतात आणि आपण गाडी चुकेल म्हणून धावत असतो.

आणि भद्रावती! वर्ध्याकडे जाणाऱ्या गाडीने चंद्रपूरच्या पुढे भांदक स्थानकावर उतरायचे. गावालगतच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. डोंगरात सरळ आत लांब बोगद्यासारखी वाट खोदलेली, तिच्या टोकाला बसलेली बुद्धमूर्ती आणि दोन्ही बाजूंनाही तशाच वाटा. उन्हाळ्यात आत शिरल्यावर जो गारवा लागतो तो कोणत्याही मॉलमध्ये मिळायचा नाही. अजिंठा-वेरूळला जायला पैसे लागतात म्हणून आपण हळहळतो आणि हे दारचे राहून जाते. पाच-सात मित्र-मैत्रिणी मिळून जा. घरून भाकरी, वांग्याचे भरीत, जवसाची चटणी बांधून न्या. एखाद्याकडे ढोलकी असेल तर सोबत घ्या. आत मात्र शांतता पाळा आणि भिंतींवर स्वतःची नावे कोरू नका. मुलींना 'घरी कामे आहेत' म्हणून मागे ठेवू नका. डबा त्यांनी करायचा आणि सहल पोरांनी करायची, असला प्रकार धम्माच्या घरात शोभत नाही.

वर्षाचा आपला मोठा उत्सव तर चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर असतो. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी तिथे धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला तिथे जनसागर लोटतो. भीमगीते फुकट ऐकायला मिळतात, पुस्तकांचे स्टॉल असतात, वर्षभर न भेटलेले नातलग भेटतात. तिथे जाताना बरेच जण खिशात पन्नास-शंभर टाकून जातात आणि पुस्तक हातात घेऊन परत ठेवतात. ते बघवत नाही.

म्हणून आमच्याकडील काही तरुणांना मी एक सुचवले आहे, तुम्हीही करून पाहा. दहा जणांची पुस्तक-सहल भिशी काढायची. प्रत्येकी महिन्याला १०० रुपये. महिन्याचे १,००० आणि नोव्हेंबर ते ऑक्टोबर बारा महिन्यांचे १२,०००. त्यातले ४,००० दोन सहलींना, ३,००० दीक्षाभूमीवरून विहाराच्या कपाटासाठी पुस्तके घ्यायला आणि उरलेले ५,००० दहांपैकी कोणाची परीक्षा फी अडली, कोणाच्या घरी आजारपण आले तर बिनव्याजी द्यायला. पैसे एकाच्या खिशात राहू द्यायचे नाहीत, दोघांच्या सहीने खाते काढायचे. वही विहारात ठेवायची आणि दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर जमाखर्च मोठ्याने वाचायचा, मग तो बारा रुपयांच्या चहाचा का असेना. वही लिहिण्याचे काम पहिल्या वर्षी एखाद्या मुलीकडे द्या.