कुंपणच शेत खाते तेव्हा

इस्लापूर-किनवट भागात दसरा-दिवाळी सरली की कापसाची वेचणी सुरू होते. पैनगंगेच्या काठचे काळे रान असो की डोंगरपायथ्याची हलकी जमीन असो, कमरेला ओटी बांधून बोंडातला कापूस काढायचा तो बहुतकरून बायांच्याच बोटांनी. या दिवसांत घरातली सून किंवा लेक म्हणाली, "सकाळी बोटे वळत नाहीत, भाकरी थापवत नाही," तर कोणी फारसे मनावर घेत नाही. वेचणीने हात दुखायचेच, असे म्हणून दुखणे अंगावर काढले जाते.

पुष्कळदा ते खरोखरच कामाचे दुखणे असते. पण काही वेळा तो एका दीर्घ आजाराचा आरंभ असतो, आणि त्या वेळी गेलेले महिने पुन्हा मिळत नाहीत. हा फरक घरच्या घरी कसा ओळखावा, ते आज पाहू.

राखणदार उलटतो

रानडुकरांपासून पीक राखायला आपण जागल्या ठेवतो. शरीरातही असे राखणदार असतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या रोगजंतूंशी लढतात. पण कधी कधी या राखणदाराला आपले आणि परके कळेनासे होते आणि तो आपल्याच अवयवांवर चाल करून जातो. कुंपणच शेत खाते म्हणतात, तसा हा प्रकार. डॉक्टर याला ऑटोइम्यून आजार म्हणतात.

चाल सांध्यांवर झाली तर सांधेवात होतो. जुन्या वैद्यांनाही असे दुखणे परिचित होते; 'माधवनिदान' या प्राचीन ग्रंथात आमवाताचे वेगळे वर्णन आहे. राखणदार का उलटतो याचे पुरते उत्तर अजून मिळालेले नाही. रक्ताच्या नात्यातला कल, बिडी-सिगारेटचा धूर अशी काही कारणे दिसतात. मात्र हा रोग स्पर्शाने लागत नाही. ती करणी नव्हे आणि देवाचा कोपही नव्हे.

भिगवणला काय आढळले?

हा शहरातल्या लोकांचा रोग, असे कोणी म्हणेल. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने आखलेल्या कार्यक्रमाचा तो भाग होता. गावातल्या चार हजारांवर प्रौढांची चौकशी झाली. सुमारे अठरा टक्के लोकांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे काही ना काही दुखणे होते. त्यांतले बहुतेक कष्टाचे आणि वयाचे होते. खरा सांधेवात निघाला तो साधारण दोनशे प्रौढांत एकाला.

याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावा. अंग दुखले की घाबरून जाण्याचे कारण नाही. पण हजार प्रौढांच्या गावात अशी चार-पाच माणसे असू शकतात, आणि त्यांत बाया पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीने अधिक. बहुधा तिशी ते पन्नाशीत, म्हणजे घरातले सगळे काम जिच्या हातावर चालते त्या वयात, हा आजार गाठतो.

कामाचे दुखणे की रोग?

कामाचे दुखणे संध्याकाळी वाढते आणि रात्रीच्या झोपेने कमी होते. सांधेवाताचे उलट असते. विसाव्याने तो आखडतो आणि हालचालीने सैल होतो. म्हणून पुढील खुणा ध्यानात ठेवा:

१. सकाळी उठल्यावर हात-पाय आखडलेले असतात आणि मोकळे व्हायला अर्धा तास, तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो.

२. हाताच्या बोटांच्या मुळाशी, मधल्या पेरांच्या सांध्यांत, मनगटांत किंवा पायाच्या बोटांच्या मुळाशी सूज असते. सूज दाबली तर मऊ लागते.

३. दुखणे बहुधा दोन्ही हातांना किंवा दोन्ही पायांना असते.

४. घट्ट मूठ वळत नाही. हस्तांदोलन करताना हात दाबला गेला तर कळ येते.

५. बारीक कणकण, थकवा, अन्नावर वासना नसणे, वजन उतरणे अशा तक्रारी सोबत असतात.

उतारवयात गुडघे किंवा बोटांची टोके दुखतात, ती बहुधा सांध्यांची झीज असते. चिकुनगुन्याच्या तापानंतरही सांधे कित्येक आठवडे धरलेले राहतात. २००६ च्या मोठ्या साथीत महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी ते अनुभवले. पण ताप असो वा नसो, सूज आणि सकाळचा आखडलेपणा सहा आठवडे टिकला तर थांबू नका.

इथे एक अडचण येते. सकाळी मूठ न वळणारी बाई अकराच्या सुमारास बऱ्यापैकी कामाला लागते. दुपारी दवाखान्यात पोचते तेव्हा हात मोकळा झालेला असतो. मग सासूलाही वाटते की सूनबाई निमित्त करते आहे. यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज दोन गोष्टी लिहा. हात मोकळा व्हायला किती वेळ लागला आणि कोणता सांधा सुजला. तो कागद डॉक्टरांना दाखवा. घरातल्या शिकणाऱ्या मुलाला हे काम सहज जमेल.

वेळेला का महत्त्व?

गुलाबी बोंडअळी आली हे जाणता शेतकरी डोमकळी पाहूनच ओळखतो. बोंड किडेपर्यंत वाट पाहत नाही. इथेही तसेच आहे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत योग्य उपचार सुरू झाले तर सांधे वाचण्याची आशा पुष्कळ असते. हाड झिजून बोटे वाकडी झाली की ती औषधाने सरळ होत नाहीत.

प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तेथून किनवटजवळ गोकुंदा येथील उपजिल्हा रुग्णालय, किंवा नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठता येते. लातूरकडच्या मंडळींना विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. रक्ताची तपासणी होईल, पण एकट्या तपासणीवर निकाल लागत नाही. रक्तात दोष न दिसताही हा रोग असू शकतो.

या रोगावर मेथोट्रेक्झेट नावाची गोळी पुष्कळांना दिली जाते. ती आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. दिवसाचे नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या. गरोदर असाल किंवा मूल हवे असेल तर ते आधीच सांगा. गुण यायला दीड-दोन महिने लागतात, तोवर धीर धरा. अधूनमधून रक्त तपासावे लागते, तेही चुकवू नका.

बाजारात नाव-गाव नसलेल्या पुड्या मिळतात. एका दिवसात दुखणे पळते, कारण काहींत स्टेरॉइड मिसळलेले असते. पुढे तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात आणि आतला रोग तसाच राहतो. अशी पुडी बरेच दिवस घेत असाल तर एकाएकी बंद करू नका. ती घेऊनच डॉक्टरांकडे जा.

आणखी काही खुणा

राखणदार दुसऱ्या अवयवांवरही उलटू शकतो.

लहान मूल सारखे पाणी पिते, वारंवार लघवीला जाते, पुन्हा अंथरूण ओले करू लागते, खाऊनही वाळते, लघवीला मुंग्या लागतात. तर त्याच दिवशी साखर तपासा. "एवढ्याशा पोराला साखर कशी होईल?" असे म्हणू नका. उलट्या, पोटदुखी, जोरजोराचा श्वास किंवा गुंगी दिसली तर रात्र असली तरी मोठ्या दवाखान्यात न्या. अशा मुलाला इन्सुलिन टोचणे हाच उपाय आहे. कोणाच्याही सांगण्यावरून ते बंद करू नका.

तरुण बाईच्या गालांवर आणि नाकावर उन्हाने वाढणारे लाल चट्टे, तोंडात फोड, केस गळणे, बारीक ताप, सांधेदुखी आणि पायांवर सूज असे जुळून आले तर ते नुसते वांग समजू नका. ल्यूपस नावाचा आजार मूत्रपिंडाला धोका करतो. लघवी तपासून घ्या.

गळ्याशी सूज, सतत थकवा, विनाकारण वजन वाढणे, पाळी बिघडणे ही थायरॉइडच्या आजाराची खूण असू शकते. अंगावरचे पांढरे कोडही याच जातीचे आहे. ते कुष्ठ नव्हे आणि ते लागत नाही.

घरच्यांनी काय करावे?

या आजारांत औषध बरीच वर्षे चालते, म्हणून घरच्यांचे मन खचते. लेकीला माहेरी पाठवून दिल्याची, सोयरीक मोडल्याची उदाहरणे गावोगाव ऐकू येतात. तसे करण्याचे कारण नाही. वेळेवर उपचार घेतलेल्या बाया घर आणि शेत दोन्ही सांभाळतात. सकाळचे पहिले दोन तास पाणी भरणे, धुणे, भाकरी ही कामे घरातल्या दुसऱ्यांनी वाटून घ्यावीत. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हळूहळू हलवावीत. पुरुषांनी बिडी-सिगारेट सोडावी.

आणि उद्या सकाळी घरातल्या प्रत्येक बाईला एकदा विचारा, "मूठ नीट वळते ना?" वळत नसेल, तर दिनदर्शिकेवर त्या तारखेला खूण करा आणि तेथून सहा आठवडे मोजायला लागा. सूज स्पष्ट दिसत असेल तर तेवढेही थांबू नका.