सोयाबीनचें दूध व पनीर

गेल्या डिसेंबर महिन्यांत अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या आवारांत भरलेलें प्रदर्शन पाहण्यास आम्ही गेलों होतों. औजारें, बियाणें व ठिबकाच्या नळ्या यांच्या मांडवांतून हिंडत असतां एका बचत गटाच्या भगिनींनीं मांडलेल्या लहानशा दुकानापुढें आमचे पाय थांबले. तेथें वेलदोडा घातलेलें दूध पेल्यांतून देत होते, व शेजारीं पनीराच्या तळलेल्या वड्या होत्या. दूध गाईचें कीं म्हशीचें असें विचारतां त्या बाई हंसून म्हणाल्या, "भाऊ, हें जनावराचें नाहींच. तुमच्या-आमच्या शेतांतल्या सोयाबीनचें आहे."

वीस-पंचवीस वर्षें जें पीक आपण पोत्यांत भरून बाजारांत नेत आलों, तें खातां येतें ही गोष्ट आमच्या मनांत कधीं आलीच नव्हती. वाचकांपैकीं पुष्कळांची स्थिति अशीच असेल, म्हणून या विषयाची जी माहिती मिळविली ती येथें देत आहों.

आमची नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. पीकपाहणीचे तक्ते तयार करतांना गांव नमुना बाराच्या रकान्यांत प्रथम ज्वारी, मूग, उडीद व कापूस हीं नांवें दिसत. पुढें वर्षामागून वर्ष त्यांच्या जागीं सोयाबीन येत गेलें, आणि आज चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा या तालुक्यांत खरीपाचें मुख्य पीक तेंच होऊन बसलें आहे. परंतु या दोहोंत एक मोठा भेद आहे. ज्वारीचा भाव पडला तर ती घरीं खातां येत असे. सोयाबीनचें पोतें घरांत ठेवून कोणाचें पोट भरत नाहीं. म्हणून देणेकरी दारीं आला कीं मिळेल त्या भावानें तें विकावें लागतें. सन २०२४ च्या हंगामांत क्विंटलास ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असूनहि बाजारांत त्याहून कमी दरानें माल गेला, हें आपण सर्वांनीं भोगलेलें आहे.

हा माल पुढें जातो कोठें, तेंहि पाहिलें पाहिजे. गिरणींत १०० किलो सोयाबीनपासून सुमारें १८ किलो तेल निघतें, व उरते ती बहुतेक पेंड. ती कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यांत जाते किंवा परदेशीं रवाना होते. सोयाबीनमध्यें शेंकडा सुमारें ४० भाग प्रथिनें असतात. तुरीच्या डाळींत तीं सुमारें २२ भाग असतात. म्हणजे प्रथिनांचें भांडार आपण दारांतून घालवितों, आणि त्याच पैशानें महाग डाळ विकत आणतों!

जनावरापासून आलेला कोणताहि पदार्थ, दूध, तूप व मधसुद्धां, न खाणाऱ्या लोकांस व्हीगन म्हणतात. हा शब्द १९४४ सालीं इंग्लंडांत स्थापन झालेल्या व्हीगन सोसायटीनें रूढ केला. कोणी भूतदयेनें, कोणी दूध पचत नाहीं म्हणून हा आहार घेतात, आणि मोठ्या शहरांत असे ग्राहक आढळूं लागले आहेत. नांव नवें असलें तरी वस्तु आपणांस परकी नाहीं. ज्वारीची भाकर, तेलाचा झुणका व मिरचीचा ठेचा हें जेवण त्याच जातीचें आहे. कोंकणांत नारळाच्या दुधावांचून सोलकढी होत नाहीं. चीन व जपान या देशांत सोयाबीनचें पनीर शेंकडों वर्षांपासून रोजच्या जेवणांत आहे; त्यास तेथें टोफू असें म्हणतात. महात्मा गांधींनीं १९१२ सालीं दूध सोडलें. पुढें १९१९ च्या सुमारास दुखण्यामुळें बकरीचें दूध त्यांस घ्यावें लागलें. परंतु दुधाऐवजीं वनस्पतींतून कांहीं मिळेल काय हा त्यांचा शोध चालूच होता, व १९३५ सालीं वर्ध्याच्या मगनवाडींत त्यांनीं सोयाबीन जेवणांत घेण्याचा प्रयोग करविला. आपल्या शेजारच्या भागांतील ही गोष्ट आपण विसरलों.

आतां कृति सांगतों. सोयाबीन स्वच्छ निवडून, वाळवून, त्याची डाळ करावी व साल पाखडून काढावी. पेरणीसाठीं औषध चोळलेलें बियाणें शिल्लक राहिलें असेल तर त्याचा एक दाणाहि यांत येतां कामा नये. तें विष आहे. डाळ तिप्पट पाण्यांत चार ते सहा तास भिजवावी, आणि पाणी फेंकून ती धुवून घ्यावी. नंतर उकळतें पाणी घालीत ती बारीक वाटावी. एक किलो कोरड्या डाळीस एकंदर सुमारें आठ लिटर पाणी लागतें. हें मिश्रण मोठ्या पातेल्यांत ढवळीत तापवावें. त्यास फेंस फार येतो, म्हणून पातेलें अर्धें रिकामें असावें. उकळी आल्यावर पंधरा-वीस मिनिटें मंद आंचेवर ठेवून स्वच्छ फडक्यानें गाळावें. खालीं उतरेल तें दूध.

पनीर करणें असल्यास उकळी बसल्यावर, दूध सुमारें ८० अंशांवर आलें असतां, पाण्यांत मिसळलेला लिंबाचा रस थोडथोडा घालावा व हलक्या हातानें एकदोन वेळां ढवळावें. दूध फाटून पाणी निवळ दिसलें कीं थांबावें. दहा मिनिटांनीं फडक्यांत ओतून वजनाखालीं अर्धा तास दाबावें. वडी थंड पाण्यांत ठेवावी, पाणी रोज बदलावें, व दोन-तीन दिवसांत ती संपवावी. उरलेला चोथा टाकूं नये. तो ताजा असतांना थालीपिठांत चालतो, व गुरेंहि आवडीनें खातात.

यांत दोन गोष्टी चुकल्यास सारें फुकट जातें. आम्हीं घरीं प्रथम थंड पाण्यानें वाटलें. दुधास कच्च्या शेंगांसारखा असा वास आला कीं नातवानें पेला तसाच ठेवून दिला. दाणा फुटून त्यास पाणी व हवा लागतांच त्यांतील एक द्रव्य तेलाशीं मिळून हा वास उत्पन्न करतें. उकळत्या पाण्यानें वाटल्यास तें द्रव्य तत्काळ मरतें. दुसरी गोष्ट उकळण्याची. कच्च्या सोयाबीनमध्यें प्रथिनांचें पचन रोखणारें द्रव्य असतें व तें पुरेशा उष्णतेनेंच नाहींसें होतें. म्हणून इंधन वांचविण्यासाठीं उकळणें कमी करूं नये.

हें पेय तान्ह्या मुलांस आईच्या दुधाऐवजीं देऊं नये. गाईच्या दुधाहून त्यांत चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी असतो व ब-१२ हें जीवनसत्त्व नसतें. ज्यांनीं सर्व दुधदुभतें सोडलें असेल त्यांनीं याविषयीं वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आतां हिशेब. एक किलो सोयाबीनपासून सुमारें दीड किलो पनीर निघतें. सन २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलास ५,३२८ रुपये होता. त्या दरानें एक किलो पनीरास सुमारें ३५ रुपयांचा कच्चा माल लागतो. त्यावर इंधन, मजुरी, वेष्टण, बर्फ व नासाडी चढवावी. मग आपल्या तालुक्याच्या गांवीं किती किलो व कोणत्या दरानें रोज खपेल, याची स्वतः फिरून चौकशी करावी. माल नाशवंत आहे. गिऱ्हाईक ठरण्यापूर्वीं यंत्र घेणारा कर्जांत बुडेल. बँकेच्या कर्जास जोडून अनुदान देणारी सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्रीय योजना २०२० सालीं सुरू झाली. तिची सध्यांची स्थिति कृषि कार्यालयांत विचारून मगच बेत करावा. अनुदानासाठीं धंदा काढूं नये.

कायदाहि ध्यानांत ठेवावा. विक्रीसाठीं अन्नसुरक्षा कायदा, २००६ याप्रमाणें नोंदणी लागते. कायद्यानें दूध म्हणजे दुभत्या जनावराचें, म्हणून वेष्टणावर 'सोयाबीनचें दूध' असें छापतां येत नाहीं. 'सोया पेय' असें लिहावें. आम्ही वर बोलीभाषेंतील शब्द वापरला आहे इतकेंच. व्हीगन पदार्थांसाठीं २०२२ सालीं निराळे नियम झाले असून त्यांचें हिरवें चिन्ह परवानगीवांचून लावतां येत नाहीं. आपल्यापैकीं अनेकांच्या दारीं म्हशी आहेत. नांव चोरून विकलेला माल उद्यां आपल्याच दुधाच्या भावावर उठेल, म्हणून हा नियम आपल्याहि हिताचा आहे.

असो. सोयाबीनचा सारा भार या धंद्यानें उतरेल असें आम्ही म्हणत नाहीं. गांवोगांव पनीर केलें तरी बहुतेक पीक गिरणीसच जाणार. परंतु प्रत्येक घरानें औषध न लावलेलें एक पोतें घरखर्चासाठीं राखून ठेवलें, तर निदान तेवढ्या पोत्याचा भाव बाजार ठरविणार नाहीं. प्रथम घरीं करून पाहावें, मुलांनीं आवडीनें खाल्लें तर शेजाऱ्यास द्यावें, आणि शेजारी पुन्हां मागावयास आला तरच दुकानाचा विचार करावा, एवढीच वाचक बंधुभगिनींस विनंति आहे.