‘आमच्या घराण्यात नाही’: गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि जनुके

गर्भाशयमुखाच्या तपासणीचा विषय निघाला की ‘आमच्या घराण्यात हा रोग कुणालाच नाही’ हे उत्तर ठरलेले असते. हा कर्करोग मुळात घराण्यातून येतच नाही. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) वर्षानुवर्षे टिकलेल्या संसर्गातून तो उद्भवतो आणि सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये त्याला विषाणूचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार कारणीभूत असतात. शिवाय ज्या घराण्याची ग्वाही दिली जाते, तेथे आजीच्या ‘अंगावरून जात होते’ एवढेच पुष्कळदा ठाऊक असते. तिची तपासणी झालेली नसते, मग निदान कोठून असणार?

जनुकांचा संबंध आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी. एचपीव्हीचा संसर्ग बहुतेक स्त्रियांमध्ये एक-दोन वर्षांत शरीरच निपटून काढते. या कामात पेशीत शिरलेल्या विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर आणून टी-पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींना, दाखवणारे एचएलए रेणू महत्त्वाचे असतात; ते घडवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर असून त्यांची रूपे माणसागणिक बदलतात, त्यामुळे तोच विषाणू एकीच्या शरीराला चटकन ओळखता येतो, तर दुसरीत तो नजरेआड राहू शकतो. डीआरबी१*१३ हे रूप अनेक अभ्यासांत संरक्षक आढळले आहे.

शंका असणाऱ्यांनी १९९९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला स्वीडनमधील अभ्यास पाहावा: रुग्णांच्या सख्ख्या आई-बहिणींमध्ये या रोगाचा किंवा त्याच्या पूर्वावस्थेचा धोका साधारण दुप्पट होता, दत्तक नात्यांत मात्र तशी ठळक वाढ दिसली नाही. म्हणजे आनुवंशिक कल खरा आहे. परंतु स्तनाच्या कर्करोगातील बीआरसीए जनुकांसारखा एकटाच मोठा धोका निर्माण करणारा दोष येथे सहसा नसतो, आणि विषाणूच नसेल तर हा कल बहुतांशी निष्प्रभच राहतो. त्यामुळे ‘आईला झाला म्हणजे मुलीला होणारच’ हेही तितकेच निराधार आहे.

एचएलए रूपे तपासून कोणाला तपासणीची गरज नाही हे ठरवता येत नाही. लस घेतली तरी तपासणी चुकत नाही, कारण लशीत कर्करोगकारक प्रकार सगळेच नसतात. त्रास नाही म्हणजे रोग नाही, असेही नाही. पूर्वावस्था बहुधा मूकच असते.

उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयोगटातील सुमारे १ लाख ३० हजार निरोगी स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्या गटाला एचपीव्हीची तपासणी एकदाच देण्यात आली, त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले.