‘नॉर्थ फेस’चा शेवट खरा आहे का? आयगरवर १९३६ मध्ये नेमकं काय घडलं?
‘नॉर्थ फेस’ (२००८) हा जर्मन चित्रपट पाहून अनेकांना प्रश्न पडतो, मदत इतकी जवळ असताना टोनी कुर्झ वाचला का नाही?

हा शेवट खरा आहे. जुलै १९३६ मध्ये स्वित्झर्लंडमधील आयगरची उत्तर भिंत चढताना चौघांनी एक आडवा टप्पा पार केला आणि दोर काढून घेतला. परतताना तिथला खडक बर्फाने गोठला होता. वाट बंद झाली. तिघांचा मृत्यू झाला, कुर्झ दोराला लटकून राहिला.

बचावपथक खाली पोहोचलं, पण दोर अपुरा पडल्याने दोन दोर जोडावे लागले. उतरताना तीच गाठ कॅराबिनरच्या कडीत अडकली. सुटका काही मीटरवर असताना कुर्झने प्राण सोडला.

चित्रपटातली प्रेमकथा मात्र काल्पनिक आहे.